भोंग्याची गाय

भोंगा हे काही तिचं नाव नव्हे. पण मचाणावर चढून तिनं एक आरोळी ठोकली की आजूबाजूच्या शेतांतलीही पाखरं उठायची, म्हणून लग्न होऊन आली त्याच वर्षी गावानं तिचं बारसं करून टाकलं. सासू म्हणायची, "सुनेनं माहेरून दोनच गोष्टी आणल्या, हा घसा आणि ती बांडी कालवड." घसा शेताच्या कामी आला. पांढऱ्यावर तपकिरी ठिपक्यांची ती कालवड वाढली, पहिल्यांदा गाभण राहिली, आणि त्या घरात भोंग्याचं स्वतःचं म्हणावं असं जे काही होतं ते म्हणजे ती बांडी.

ती बांडी आता फिरस्त्यांकडे होती. गाव आणि फिरस्ते यांचं जुनं चालत आलेलं होतं. कापणी झाली की त्यांची गुरं यायची, धसकटांत चरायची, रात्री शेतातच बसायची. शेताला शेण मिळायचं, त्यांना धान्य मिळायचं. पेरणीच्या तोंडावर ते डोंगराकडे निघाले की गाव आपल्या भाकड आणि गाभण गाई त्यांच्या कळपात सोडायचं. डोंगरावर चारा असायचा, आणि गाय विण्याच्या बेताला आली की कळपाबरोबर परत यायची. लिहिणं नाही, सही नाही.

या वर्षी भोंग्यानं बांडी सोडली आणि कळप निघायच्या आदल्या रात्री कुणाच्या तरी गुरांनी भोंग्याच्या घरच्या लवकर पेरलेल्या मक्याचा कोवळा मोड साफ केला. कुणाच्या, ते कुणीच पाहिलं नाही. पण पाहायची गरज कुणाला होती? सकाळी काठ्या निघाल्या. भोंग्याच्या नवऱ्याचं उजवं मनगट मोडलं. फिरस्त्यांच्या एका बैलाच्या मागच्या पायावर कुणीतरी विळा मारला. त्या धांदलीत कळप निघून गेला, आणि बांडीही गेली.

नवऱ्याचं मनगट वाकडंच जुळलं. नांगराची मूठ धरली की पंजा सुटायचा. गोणीचं तोंड बांधायचं झालं तरी त्याला बायकोला हाक मारावी लागायची, आणि ती यायची तेव्हा तो दुसरीकडे बघायचा.

मका कणसाला आला तेव्हा ट्रॅक्टरवरून सिमेंटचे खांब आले. ट्रॉलीत सगळ्यात वर थोरला दीर बसला होता. गावाच्या कमिटीत तो होता, आणि कमिटीत गेल्यापासून त्याला चालताना हात मागे बांधायची सवय लागली होती.

"आता कायमचा बंदोबस्त," जेवताना तो म्हणाला. "बंदिस्त कुरण. फिरस्त्यांची सगळी गुरं तारेच्या आत. आत गवत, आत पाणी, आत डॉक्टर. प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा बिल्ला. बिल्ला मारला की ते कुरणाचं. बाहेर दिसलं की जप्त."

"आणि हे कुरण कुठे?" सासूनं विचारलं.

"गायरानात."

"म्हणजे आपल्याच गायरानात. मग आपल्या गाई कुठे चरायच्या रे?"

"आई, आपल्या गाई गोठ्यात. चारा कापून आणून घालायचा."

"कापणार कोण? तू?"

भोंग्यानं विचारलं, "भाऊजी, धसकटांत गुरं बसणार नाहीत तर शेताला खत कुठलं?"

"आधी शेत वाचू दे. खताचं मग बघू," दीर म्हणाला, आणि धाकट्या भावाच्या मनगटाकडे हात केला. "याच्याकडे बघ आणि मग बोल."

नवऱ्यानं हात ताटाखाली घेतला.

तार ओढली गेली. एकीवर एक अशा काटेरी ओळी, आणि ओढ्याच्या बाजूला एक लोखंडी फाटक. गाव संध्याकाळी ते बघायला जायचं. कुणी म्हणे, एकदा फिरस्ते आत बसले की जमीन त्यांचीच झाली, आपल्या नातवंडांना तिथे लाकूड तोडायचीही सोय राहणार नाही. कुणी म्हणे, छे, जमीन दूधवाल्या कंपनीची होणार, फिरस्ते नुसते हमाल. सगळ्यांना संशय होता, आणि तरी सगळ्यांनी हात वर केले होते, कारण तार दुसऱ्याला अडवणार अशी प्रत्येकाची समजूत होती.

कापणी उरकली आणि कळप आला. धूळ आधी दिसली, मग घंटा ऐकू आल्या. दरवर्षी ते थेट शेतांत यायचे. या वेळी ओढ्यापलीकडेच थांबले. सरकारी माणसानं त्यांना डोंगराखालीच गाठून सांगितलं होतं म्हणे, कुरणात या, नाहीतर या बाजूला पाऊल टाकू नका.

भोंगा मळणी सोडून बांधावर गेली. कपाळावर हात धरून बघत राहिली. लाल गुरं, काळी गुरं, शिंगांचं रान. बांडी दिसेना.

"येतील घेऊन," संध्याकाळी ती म्हणाली. "दरवर्षी आणून देतात की."

"दरवर्षी माझं मनगट मोडत नव्हतं," नवरा म्हणाला.

"मग तुम्ही जाऊन विचारा ना."

"मी? त्यांच्या तळावर? आणि काय म्हणू, हा हात मोडलात, आता गाय द्या?"

दीर म्हणाला, "अगं, बाजार दाखवला असेल तिला कधीच. आणि हे बघ, तिकडे कुणी जायचं नाही. कुरणाच्या सरकारी साहेबाला मी छातीवर हात ठेवून सांगितलंय, आमच्या गावाचा यांच्याशी काडीचा संबंध नाही. आता आपल्याच घरची गाय तिथे निघाली तर मी तोंड कुठे लपवू?"

"तुमच्या तोंडासाठी माझी गाय जाऊ द्यायची?"

"हळू बोल," सासू म्हणाली. "पलीकडच्या आळीला कळेल."

दुसऱ्या दिवशी बायका ओढ्यावर धुणं धुवत होत्या. पाणी घोट्याएवढंच होतं. पलीकडे फिरस्त्यांच्या बायका भांडी घासायला बसल्या, आणि इकडच्या बायकांचं बोलणं बंद पडलं. पलीकडच्यांत गाव जिला लांबी म्हणायचं ती होती. ताडमाड उंच, हाडकुळी, थोरल्या फिरस्त्याची बायको. बांडीला हिनंच दोर धरून नेलं होतं. लग्न होऊन आल्यापासून भोंगा तिला ताई म्हणत होती आणि ती भोंग्याला वहिनी. आज दोघी एकमेकींकडे न बघता कपडे आणि भांडी घासत राहिल्या.

मग लांबी उठली. तिनं इकडे तिकडे बघितलं, आपल्या कानाची पाळी धरली, ओढली, गावाकडे बोट केलं, आणि पुन्हा कान ओढला.

"बघितलंस?" शेजारची भोंग्याच्या कानाला लागली. "कान धरून माफी मागतेय. म्हणजे गेली तुझी गाय."

"माफी कसली, धमकी देतेय," दुसरी म्हणाली. "कान कापीन म्हणते."

तिथेच ओरडून विचारावं असं भोंग्याला फार वाटलं. पण सगळ्या बायका बघत होत्या, आणि दिराचं बोलणं डोक्यात होतं. तिनं नवऱ्याचा सदरा दगडावर असा आपटला की बटण तुटून पाण्यात गेलं.

बिल्ले मारायचा दिवस ठरला. साहेब जीपमधून आला. बरोबर बिल्लेवाला होता, हातात पक्कडीसारखं यंत्र घेऊन. गाव बांधावर जमलं. फाटकाशी दोन्ही बाजूंनी बांबूंची गल्ली केली होती. जनावर त्यातून यायचं, बिल्लेवाला कान धरायचा, कट् असा आवाज व्हायचा, जनावर उसळायचं आणि कानात पिवळं घेऊन आत जायचं. थोरला फिरस्ता फाटकाला टेकून उभा होता. प्रत्येक कट्‌ला त्याचा गाल हलायचा.

"एकही बाहेर राहता कामा नये," साहेब म्हणाला. "बाहेर राहिलं तर पुन्हा तीच भांडणं."

"ते लपवणार, साहेब," दीर म्हणाला. "चांगली चांगली जनावरं बाजूला काढणार. जात माहीत आहे आम्हाला." मग वळून भोंग्याला म्हणाला, "तू मचाणावर चढ. तुझे डोळे आणि तुझा घसा आज गावाच्या कामी येऊ दे. काही हललं की दे आरोळी."

भोंगा चढली. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. कळपातलं एकेक जनावर इथून दिसत होतं, आणि बांडी असलीच तर इथूनच दिसली असती. ऊन कलेपर्यंत ती बघत राहिली. डोळ्यांत पाणी यायला लागलं, मान आखडली. बांडी नव्हतीच. गल्लीतून शेवटची गुरं जायला लागली तशी तिची आशा सुटली आणि तिथे राग येऊन बसला. विकली हिनं, ती मनाशी म्हणाली. माझ्या माहेरची गाय विकली, आणि वर कान धरते.

तेवढ्यात ओढ्याच्या खाली, झुडपांच्या आडून काहीतरी सरकलं. भोंगा चवड्यांवर उभी राहिली. एक बाई वाकून चालत होती. वाकली तरी तिची उंची लपेना. हातात दोर, दोरामागे एक गाय, चिखलानं अंगभर लिंपलेली, मातकट, पोटानं जड. बाई एका झुडपामागून दुसऱ्या झुडपामागे जायची, थांबायची, गायीच्या तोंडावर हात ठेवायची.

"पळवतेय!" भोंगा ओरडली. "ओढ्यात! लांबी गाय पळवतेय! धरा तिला, धरा!"

अशी आरोळी तिनं आजवर पाखरांवरही टाकली नव्हती. गाव धावलं. दीर सगळ्यांच्या पुढे. लांबी दोर सोडेना. ती काहीतरी सांगत होती, हातवारे करत होती, पण एवढ्या गलक्यात कोण ऐकतो? तिला बाजूला ढकललं, ती गुडघ्यावर पडली. चौघांनी गाय ओढली, एकानं शेपूट पिरगळलं. थोरला फिरस्ता फाटक सोडून पुढे आला तशी पाच-सहा काठ्या वर झाल्या, आणि तो जागच्या जागी थांबला.

भोंगा मचाणावरून उतरली. लोक तिच्याकडे बघून माना डोलवत होते. कुणी म्हणालं, "शाब्बास रे भोंग्या!" ती पदरानं तोंड पुसत फाटकाशी पोचली तेव्हा गाय गल्लीत शिरली होती. बांबूंना घासून कुशीवरचा वाळका चिखल खपलीसारखा सुटत होता. खालून पांढरं निघालं. मग तपकिरी, मग पुन्हा पांढरं.

"थांबा," भोंगा म्हणाली.

त्या आरोळीनं तिचा घसा बसला होता. कुणाला ऐकूच आलं नाही. कट्. बांडी उसळली, हंबरली, आणि कानातून रक्ताचा बारीक ओघळ घेऊन आत गेली.

लांबी गुडघे झटकत उठली होती. ती भोंग्याकडे बघत होती, पण तिच्या बघण्यात रागही नव्हता, त्यानं तर भोंग्याला आणखी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या रात्री घरात कुणी धड जेवलं नाही. सकाळी ती नवऱ्याला आणि दिराला घेऊन साहेबाच्या तंबूत गेली. थोरला फिरस्ता आधीच तिथे उभा होता, टोपी हातात घेऊन.

"साहेब, ती बांडी यांची आहे," तोच आधी म्हणाला. "आमच्याकडे चरायला दिलेली. बायको माझी परत द्यायलाच निघाली होती. दिवसा उजेडी गावात शिरायची भीती, म्हणून झुडपातून गेली. बिल्ला बसायच्या आत गाय घरी पोचावी एवढंच तिच्या मनात होतं. आणि चिखल माश्यांसाठी लावतो आम्ही."

साहेबानं चहाचा कप खाली ठेवला. "काल हीच बाई ओरडली ना, पळवतेय म्हणून? साऱ्या गावानं ऐकलं, मी ऐकलं. आज गाय हिची झाली? रात्रीत तुमचं दोघांचं काय ठरलं?"

"काही ठरलं नाही," भोंगा म्हणाली. "माझी गाय आहे. माहेरची आहे. उजव्या शिंगाला खाच आहे, लहान असताना मीच..."

"बाई, एकदा बिल्ला मारला की जनावर कुरणाचं. एक बाहेर सोडलं की उद्या रांग लागेल. तू म्हणशील माझी, तो म्हणेल हो त्यांची, आणि आठवड्यात कुरण रिकामं." तो दिराकडे वळला. "तुम्ही कमिटीतले ना? तुम्हीच मला म्हणाला होतात, यांच्याशी काडीचा संबंध नाही. आता सांगा, ही गाय तुमच्या घरची?"

दिरानं हात मागे बांधले. मग सोडले. भोंग्यानं त्याच्या तोंडाकडे बघितलं. नवऱ्यानं नाही बघितलं.

"नाही, साहेब," दीर म्हणाला. "हिचा काहीतरी गैरसमज होतोय."

साहेब हसला आणि कप उचलला. भोंग्यानं नवऱ्याकडे बघितलं. तो डाव्या हातानं उजवं मनगट चोळत होता.

ते घरी आल्यावर सासूनं सगळं ऐकून घेतलं आणि थोरल्याला एवढंच म्हणाली, "कुंपणानं शेत खाल्लेलं ऐकलं होतं रे. आज घरात बघितलं." त्या दिवसापासून तिनं त्याला आपल्या हातानं वाढलं नाही.

मग उन्हं वाढली. धसकटं शेतात तशीच उभी राहिली, त्यांत ना खूर फिरला ना शेण पडलं. भोंगा आणि नवरा कुदळीनं एकेक उपटायचे, त्याला एका हातानं झटका देता यायचा नाही, मग ती मागून हात लावायची. गावातल्या गाई गोठ्यात उभ्या राहून राहून खुरांनी लंगडायला लागल्या. तारेच्या आत तर बघायलाच नको. एवढी गुरं एकाच जागी, गवत बघता बघता मातीला टेकलं. दूध टँकरमधून जायचं. फिरस्त्यांच्या बायका तारेला धरून डोंगराकडे बघत बसायच्या. दोन्ही बाजू एकमेकांना म्हणत होत्या, हे तुमचंच काम.

भोंगा रोज सकाळी गवताचा भारा घेऊन तारेशी जायची. बांडी यायची, तारेतून मान काढायची, खायची. बिल्ल्याभोवतीचा कान सुजला होता. भोंगा त्याला हळद-तेल लावायची. लांबी लांबून बघायची आणि पाठ फिरवायची.

एके दिवशी ती जवळ आली. भोंगा म्हणाली, "ताई, मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते ओढ्यापलीकडच्या गावालासुद्धा ऐकू गेलं."

"तुम्ही बोलायचं ना मग. त्या दिवशी धुण्यावर."

"बोलले असते तर तुझ्या दिरानं माझा दुसरा बैल लंगडा केला असता. कान धरून सांगत होते, कान टोचायच्या आधी गाय ने म्हणून. आणखी कसं सांगायचं असतं?"

भोंगा रडायला लागली. तिचं रडणंही मोठ्यानंच. लांबीनं चारी बाजूंना बघितलं. "गप बाई, गप," ती म्हणाली. "रखवालदार येईल." आणि तारेतून हात घालून भाऱ्यातलं गवत बांडीच्या तोंडापुढे सारलं.

त्यानंतर बोलणं असं झालं नाही. पण बांडीचा कान आता कुणीतरी संध्याकाळीही धुतलेला असायचा, आणि भोंगा भाऱ्यात एखादं कणीस लपवून न्यायला लागली.

बांडीची कास भरली. शेपटीच्या मुळाशी खळगे पडले. भोंगा त्या सकाळी उजाडता उजाडता गेली तर बांडी तारेशी नव्हती. नेली, तिला वाटलं, बाजाराला नेली. मग खालच्या बाजूनं, जिथे तार ओढ्याच्या घळीवरून जाते आणि जमीन थोडी खचलेली आहे तिथून, कुणीतरी बोटांनी चुटकी वाजवली.

लांबी घळीत बसली होती. तिच्या मांडीवर ओलं वासरू होतं, आईसारखंच बांडं, पाय अजून कुठे ठेवावेत ते न कळणारं. बांडी वरून वाकून त्याला चाटत होती.

"कालवड आहे," लांबी म्हणाली. "बिल्लेवाला दुपारी येतो. हिचा कान अजून मोकळा आहे. चीक पाजलाय मी. ने."

"आणि दूध?"

"रोज या वेळेला इथेच आण. हिला मी तारेला चिकटवून उभी करीन. पिऊ दे तारेतून."

"तुम्हाला विचारतील, वासरू कुठे."

"मेलं म्हणून सांगीन. माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, पण मेलेलं शोधायलाही कुणी येत नाही."

तिनं खालची तार दोन्ही हातांनी वर उचलली. काटे तिच्या पंजात रुतले, तिनं सोडली नाही. भोंगा पोटावर आडवी झाली, हात आत घातले आणि वासराला ओढलं. तारेनं तिचा दंड कोपरापर्यंत फाटला. वासरू गरम होतं, जड होतं, आणि बाहेर येताच त्यानं तिच्या गळ्यात तोंड खुपसून दूध शोधायला सुरुवात केली. आत बांडी हंबरायच्या बेतात होती. लांबीनं तिच्या नाकावर हात ठेवला, ओढ्यात ठेवला होता तसाच.

"वहिनी," ती म्हणाली, "आता ओरडू नकोस."

भोंग्यानं वासराला पोटाशी धरलं, वरून गवताचा भारा घेतला आणि बांधावर चढली. समोरून दीर येत होता, हात मागे बांधून. तो लांबच थांबला.

"एवढ्या सकाळी काय गं तिकडे? काय आणलंस?"

"गवत," भोंगा म्हणाली.

"काय?"

"गवत, भाऊजी."

"ऐकू येत नाही. मोठ्यानं बोल की जरा. एरवी तर सारं गाव गोळा करतेस!"

तिचा दंड ठिबकत होता. भाऱ्याखाली वासरू हललं, तिनं ते आणखी घट्ट धरलं. मग ती दिराकडे न बघता, एक शब्द न बोलता, त्याच्या बाजूनं घराकडे चालू लागली.